सईला साई करू नका

मा. संपादक,

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांच्या याद्या येतात, खेळाच्या पानावर खो-खोच्या पोरींची नावं येतात आणि त्यात दरवेळी कुठेतरी एक 'साई' असते. ती साई नाहीये हो, सई आहे! इंग्रजी यादीत एस-ए-आय आलं की डेस्कवरचा माणूस डोळे मिटून साई टाईप करतो, असंच दिसतंय. माझ्या नातीचं पण एकदा झालंय, त्या कात्रणात ती मुलगा वाटते.

बरं हे काही आजकालचं फॅशनेबल नाव नाही. संस्कृतातली सखी महाराष्ट्री प्राकृतात सही झाली, कारण तिथे मधल्या ख चा ह होतो, मुखाचं मुह झालं तसं, मग मराठीत येताना तो ह पण गळाला आणि उरली सई. हालाची गाथासप्तशती, म्हणजे त्याच प्राकृतातल्या जुन्या कवितांचा संग्रह, काढून बघा, नवरा परगावी गेलाय, पाऊस लागलाय, आणि बायका एकमेकींना 'सहि' अशी हाक मारून मनातलं सांगतायत. म्हणजे मुळात ही हाक, नाव नंतर झालं. हल्ली कोणी कोणी सई म्हणजे आठवण असं सांगतात, पण आठवण ती सय, तिचा इथे काही संबंध नाही.

आणि सईबाईसाहेबांना विसरून कसं चालेल? फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, १६४० मध्ये शिवाजी महाराजांशी लग्न, १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म आणि १६५९ च्या सप्टेंबरात राजगडावर त्या गेल्या, लेक जेमतेम सव्वादोन वर्षांचा. अफजलखानाची भेट त्यानंतर दोनच महिन्यांनी, म्हणजे महाराज त्या वेळी कशातून जात असतील बघा. असो, विषय नावाचा आहे.

आमच्या लहानपणी वर्गात सई क्वचितच, सगळ्या सुनीता नाहीतर मंगल. सिनेमावाल्यांना पटकन आठवायच्या त्या सई परांजपे, त्यांचा जन्म १९३८ चा, आणि आताच्या पोरांना सई ताम्हणकर. आता दोन अक्षरी नावांची क्रेझ आहे, जुई, रेवा, ईरा, त्यात सईपण परत आलीय आणि मला विचाराल तर सगळ्यात उजवी तीच, कारण अर्थ शोधायला मोबाईल काढावा लागत नाही.

तर विनंती एवढीच की यादीत मुलीचं नाव एस-ए-आय दिसलं तर छापायच्या आधी शाळेला एक फोन करा. आणि आईबापांनो, जन्मदाखल्यावर इंग्रजीत शेवटी डबल ई लावा, पुढे आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच स्पेलिंग जातं, नंतर बदलायला गेलं तर गॅझेटपर्यंत धावाधाव होते.

आपला,
सईचा आजोबा, डोंबिवली