पाणथरीबद्दल एक ओळ तरी?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘गव्हाच्या ॲलर्जी’वरचा लेख वाचला. त्यात ज्याला ॲलर्जी म्हटलंय, तो सीलिएक आजार मुळात ॲलर्जीच नव्हे. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते. ते एक वेळ सोडू. पण अख्खा लेख पोटाभोवतीच फिरला, पाणथरीचा, म्हणजे रक्त गाळून त्यातले जंतू टिपणाऱ्या प्लीहेचा, साधा उल्लेख नाही.

आमच्या ह्यांना सीलिएक आहे, निदान झालं पन्नाशीनंतर. तेव्हापासून घरात ज्वारी, नाचणी, तांदूळ. हिंगाची डबीसुद्धा मी भिंग घेऊन वाचते, त्यात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. एवढं पथ्य पाळून गेल्या श्रावणात ह्यांना न्यूमोनिया झाला, सात दिवस आयसीयूत होते. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी जुने रिपोर्ट मागवले. दोन वर्षांपूर्वीच्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, तळाशी शेरा होता: ‘हॉवेल-जॉली बॉडीज दिसल्या’. तांबड्या पेशींत मागे राहिलेले केंद्रकाचे ठिपके ते. धडधाकट पाणथरी ते काढून टाकते. रक्तात फिरताना दिसले, तर ती नीट काम करत नाही असा संशय घ्यायचा. कुणीतरी बिचाऱ्याने काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते टिपलं होतं. पुढे तो कागद आम्ही तीन डॉक्टरांना दाखवला. तिघांनीही हिमोग्लोबिन पाहिलं आणि घडी घालून परत दिला. अर्थात, हिंगाची डबी वाचणाऱ्या मीही तो शेरा वाचला नव्हता.

मलेरियात पाणथरी वाढते, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. सीलिएकमध्ये, अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात ती आक्रसू शकते, मंदावते, हे मात्र आम्हाला आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर कळलं. अशा माणसाला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस असले कवचवाले जिवाणू फार भारी पडतात. त्यांच्यावर लशी आहेत. ह्यांना त्या दिल्या, पण घरी आल्यावर. वरातीमागून घोडं. आता साधा ताप आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा, अशी ताकीद आहे.

हे सगळं चार ओळींत मावलं असतं. जागा नव्हती म्हणावं, तर लेखाच्या खालीच मल्टिग्रेन बिस्किटांची पाव पान जाहिरात होती! सीलिएकच्या लेखाखाली! तुमच्या विनोदबुद्धीला दाद देते.

आणि हो, त्याच अंकात शब्दकोड्याचे उभे शब्द अर्धेच छापलेत. हे अजून घरीच असतात. पेन्सिलीला टोक करून बसले होते.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई