बोटीची लाइट गेल्याचं कळवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. धक्क्याला बोट बांधून, किनाऱ्याची वीज जोडून आपापल्या घरी जाणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत आणि कोणत्या क्रमाने केलंत, हे त्यांनाही कळायला हवं.

तुमचा फोन आला तेव्हा मी बोटीपासून फार लांब होते. तुम्ही आधी म्हणालात, “बोट तरंगतेय, घाबरू नकोस.” मग सांगितलंत की माझ्या वीजखांबावरचा दिवा विझलाय आणि बोटीच्या कुशीतून दर थोड्या वेळाने पाण्याची चिळकांडी उडतेय. येणाऱ्याजाणाऱ्याला ती चिळकांडी बघून बरंच वाटलं असतं, की चला, बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप तर चालतोय. तुम्ही ती विझलेल्या दिव्याशी जोडून पाहिलीत. किनाऱ्याच्या विजेवर बॅटरी भरणारा चार्जर बंद, म्हणजे पंपाचा प्रत्येक फेरा बॅटरीतून जातोय, आणि ती भरायला कोणी नाही.

तुम्ही बोटीत शिरायची परवानगी मागितलीत आणि सगळ्यात आधी फ्रिज बंद केलात. का, ते मला नंतर आकडे मांडल्यावर नीट कळलं. छोटा बिल्ज पंप 3-4 अँपिअर घेतो, पण एका वेळी मिनिटभरच चालतो. 12 व्होल्टचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना 4-5 अँपिअर ओढतो आणि दिवसभरात 40 ते 60 अँपिअर-तास सहज खातो. 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढू नये, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी कायमची मंदावते. म्हणजे एकटा फ्रिजच दिवसभरात बॅटरी संपवतो आणि पंपाच्या वाट्याला काही उरत नाही. तुम्ही मोजलंत तेव्हा 12.1 व्होल्ट होते. भरलेली बॅटरी 12.7 दाखवते, म्हणजे निम्मी आधीच गेली होती. मग शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाणी जरा जास्त ठिबकतंय हे शोधून नट पाव-पाव फेरा आवळलेत, दोन्ही बाजूंनी सारखे. पंप शांत झाला.

आणि एवढं सगळं होईपर्यंत तुम्ही वीजखांबावरच्या पडलेल्या खटक्याला हात लावला नव्हता! या एका गोष्टीसाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. पडलेला खटका वर करायला क्षणभर लागतो आणि धक्क्यावर बहुतेक जण तेच करतात. टिकला तर बरं, नाही टिकला तर पुन्हा एकदा. तुम्ही म्हणालात, तो पडलाय म्हणजे काहीतरी सांगतोय, ते आधी ऐकू.

केबल किनाऱ्याकडून आधी काढलीत, मग बोटीकडून, म्हणजे हातातल्या टोकात वीज राहत नाही. प्लगची एक पिन तपकिरी पडली होती, सॉकेटचं प्लास्टिक मऊ झालं होतं. खाऱ्या हवेत पिनेवर गंज चढतो आणि जोडात जरासा अडथळा तयार होतो. तो एक दशांश ओहमच धरला, तरी 16 अँपिअरला त्या एवढ्याशा जागेत 25 वॉटहून जास्त उष्णता निघते, आणि तीही तासन् तास. आग लागायला आणखी काही लागत नाही. दुसऱ्या कोणी इथेच “सापडलं” म्हणून हात झटकले असते. तुम्ही नाही थांबलात, कारण गरम झालेल्या जोडाने अर्थ लीकेजचा खटका पडत नाही. तो पडतो वीज भलत्या वाटेने जमिनीकडे निघाली की, मग ती फक्त 30 मिलीअँपिअर का असेना.

म्हणून तुम्ही तुमची स्वतःची केबल आणलीत, बोटीवरचे सगळे ब्रेकर खाली पाडलेत, किनाऱ्याची वीज घेतलीत आणि एकेक ब्रेकर वर करत गेलात. चार्जर टिकला. सॉकेट टिकले. पाणी तापवायच्या हीटरचा ब्रेकर वर करताच खांबावरचा खटका पडला. एलिमेंटच्या आत ओल शिरली होती. तो तेवढा सोडून बाकी सगळं पुन्हा सुरू झालं आणि चार्जरचा दिवा लागला. 30 मिलीअँपिअरचा खटका प्रत्यक्षात 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि बोटीवरच्या चार-पाच उपकरणांच्या बारीकसारीक गळत्यांची बेरीजही तिथवर पोचते, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. कारण न दिसता मधूनच पडणाऱ्या खटक्याचं कोडं त्याने बऱ्याचदा सुटतं.

त्याच दिवशी एक तरुण मुलगा पाण्यात पडलेला दोर काढायला धक्क्यावरून उतरत होता आणि तुम्ही त्याला ओरडून थांबवलंत. हे मला तुम्ही नाही, इतरांनी सांगितलं. गळकी वीज पाण्यात उतरली असेल तर पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, हात मारता येत नाहीत आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका आणखी वाढतो, कारण तिथे पाण्यापेक्षा माणसाचं शरीर विजेला सोपी वाट देतं. धक्क्याला वीज आहे तिथे पोहायचं नाही, हा नियम मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायला हवा.

मी परत आल्यावर तुम्ही पूर्ण दुपार माझ्यासाठी खर्च केलीत. लाइट जाणारच, ती गेल्याचं कळलं पाहिजे, असं म्हणत तुम्ही बॅटरीवर चालणारा, सिमकार्डचा छोटा अलार्म बसवलात. किनाऱ्याची वीज एका रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचला, धरून ठेवते, ती गेली की रिले सुटतो आणि फोनवर संदेश येतो. पंधरा मिनिटं वाट बघूनच, कारण क्षणभर लाइट गेल्याचे संदेश येत राहिले तर माणूस खरा संदेशही वाचेनासा होतो. धक्क्याच्या वायफायवर विसंबायचं मी सुचवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, “तो राउटर कुठल्या विजेवर चालतो?” त्याच धक्क्याच्या! लाइटबरोबर तोही जाणार आणि बातमी यायचीच नाही. अलार्मच बिघडला तर काय, यालाही तुमच्याकडे उत्तर होतं. रोज सकाळी “सर्व ठीक” असा एक संदेश येतो आणि तो आला नाही तर तीच धोक्याची सूचना समजायची. मला हे सगळ्यात आवडलं. बॅटरी 12.2 च्या खाली उतरली की वेगळा संदेश येतो.

बिल्ज पंपाची तार मुख्य स्विचमधून न नेता, फ्यूज घालून थेट बॅटरीवर घेतलीत. आता सगळं बंद करून गेलं तरी पंप जागा असतो. हवेतली ओल शोषणारं यंत्रही तुम्ही तपासलंत. बटण दाबून सुरू होणारी काही यंत्रं लाइट परत आली तरी बंदच राहतात, तेव्हा फिरवायच्या साध्या स्विचचं घे म्हणालात, ते घेतलं. मी मोठ्या बॅटरीच्या विचारात होते, पण 50 वॉटचं सौर पॅनेल बरं, हे तुमचं म्हणणं मला पटलं. चांगल्या उन्हात ते दिवसाला 15 अँपिअर-तासांच्या आसपास देतं. त्यावर फ्रिज चालणार नाही, पंप आणि अलार्म मात्र चालत राहतील. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ती फक्त थोडी उशिरा संपते.

अर्थच्या तारेतून बोटींमध्ये वाहणारा बारीक प्रवाह अडवणाऱ्या गॅल्व्हॅनिक आयसोलेटरचं काम राहिलंय. लाइट गेली तरी केबलमधली अर्थची तार शेजारच्या बोटींच्या धातूशी जोडलेलीच असते आणि बोटीचे धातूचे भाग वाचवायला लावलेलं झिंक झिजत राहतं, हे तुम्ही दाखवलेल्या झिंकवरून पटलंय. पुढच्या वेळी बोट वर काढू तेव्हा तुमच्या देखरेखीखाली बसवीन.

अलार्मच्या यादीत माझ्या खालोखाल तुमचा नंबर घातलाय. नको असेल तर स्पष्ट सांगा. आणि तुम्ही लेकीकडे जाल तेव्हा तुमच्या बोटीची किल्ली माझ्याकडे देऊन जा. चार्जरचा दिवा, बॅटरीचे व्होल्ट, पंपाचा फेरा आणि प्लग गरम लागतो का, हे रोज बघून तुम्हाला कळवत जाईन. खटका पडला तर आधी तुम्हाला फोन करीन, मगच त्याला हात लावीन.

तुमची,
शेजारच्या बोटीवरची