प्रिय बाळ्या,

इतके दिवस गप्प राहिलो म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा तसाच.

काल अण्णांची पाठ पुसत होतो, तर म्हणाले, "ती किसणी बाजूला ठेव." किसणी म्हणजे माझा हात! हसलो, पण मनातून ते जाईना. नानांचं सगळं तू केलंस, तुलाच कळेल.

हात पार उललेत. आपण नुसतं थंडीवर ढकलतो, पण खरा चोर म्हणजे कोरडी हवा. 0 अंशाला घनमीटरभर हवेत जेमतेम 5 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशाला 17. बाहेरची तीच हवा घरात तापवली की वाफ तेवढीच राहते आणि आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. अण्णांना ऊब हवी म्हणून दिवसभर हीटर मीच लावतो!

त्यात सारखं हात धुणं. कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा. त्यांच्यामधला सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरेंचा स्निग्ध लेप आतलं पाणी अडवतो. साबण आणि कढत पाणी नेमका तोच लेप धुऊन नेतात. तळहाताला तेलग्रंथीच नाहीत, मागची कातडी पातळ. म्हणून पहिली फुटतात ती बोटांची पेरं.

"भरपूर पाणी पी" हे तुझं तुणतुणं सुरू करू नकोस. त्यावरून गॅलरीत झालेलं भांडण सुमी अजून काढते. लेपच उडाल्यावर प्यायलेलं पाणी कातडीत टिकणार कसं? हरलास, मान्य कर. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, पेट्रोलियम जेली वरून उडू देत नाही; हात ओलसर असतानाच लावायचं. पण दिवसा लावलं की अण्णांना कुशीवर वळवताना हात निसटतो. म्हणून रात्री जेली चोपडून सुती हातमोजे घालतो, की नेमकी तेव्हाच त्यांची हाक येते.

हात होतील रे बरे. पण अण्णा काल बोलले म्हणून कळलं. त्याआधी किती दिवस मुकाट सोसलं असेल? आणखी काय काय बोलत नसतील? नाना तुला सांगायचे का, की तूच ओळखायचास? कशावरून?

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पोरीला पास झाल्याबद्दल शाबासकी.

उत्तर पत्रानेच दे. फोनवरचं सगळं अण्णांना ऐकू जातं.

तुझा,
दाद्या