तणनाशके आणि अँटिबायोटिक

महोदय,

तणनाशकांचा विषय निघाला की बोलणे कर्करोगावर येते आणि तिथेच अडकते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट हे तणनाशक 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले, त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उलट मत दिले. तो वाद अजून मिटलेला नाही.

मी अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. मला अस्वस्थ करते ते त्याच वर्षीचे दुसरे संशोधन. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील जॅक हाइनेमन आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय व साल्मोनेला हे जिवाणू ग्लायफोसेट, २,४-डी आणि डायकांबा असलेल्या बाजारी तणनाशकांच्या संपर्कात ठेवले आणि मग त्यांच्यावर अँटिबायोटिक वापरून पाहिली. काही औषधांना जिवाणू जास्त दाद देऊ लागले, पण काहींना पूर्वीपेक्षा कमी. तणनाशकाची चाहूल लागताच नको असलेली रसायने बाहेर फेकणारे पेशीतले पंप जोरात चालू होतात आणि त्याच वाटेने अँटिबायोटिकही बाहेर जाते, हे त्यामागचे एक कारण. मात्रा फवारणीच्या शिफारशीहून कमी होती. अन्नातल्या अवशेषांच्या मर्यादेहून मात्र जास्त. म्हणजे प्रश्न ताटापेक्षा आधी फवारणाऱ्याचा, नुकत्याच फवारलेल्या गवतावर खेळणाऱ्या मुलांचा आणि तिथे चरणाऱ्या जनावरांचा आहे.

हे काम प्रयोगशाळेतले आहे. रुग्णाच्या शरीरात असेच घडते, असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पण औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. अशा वेळी हा धागा सोडून देणे मला पटत नाही.

ग्लायफोसेट ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते तो माणसात नसतो, म्हणून ते निर्धोक, असे आपल्याला सांगितले जाते. अहो, पण तो विकर आपल्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंमध्ये असतो! त्यांचा विचार कोणी करायचा?

तणनाशकाला परवानगी देताना ते किती विषारी आहे हे तपासतात. त्याच्या सान्निध्यात नेहमीची अँटिबायोटिक कशी वागतात, हेही तपासणे सक्तीचे व्हावे. तेही केवळ मूळ रसायनावर नव्हे, तर बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या पूर्ण मिश्रणावर. कारण त्यातले साबणासारखे घटकही जिवाणूंवर परिणाम करतात, हे याच गटाने पुढे दाखवले आहे.

– एक निवृत्त शिक्षिका