रविवारी मुलांची पत्रं, थोडं लक्ष द्या

पालकहो, रविवारी सकाळी १० ला क्लब हाऊसमधे मुलं आमदारांना पत्र लिहिणारेत, पोस्टकार्डं मी आणतेय फक्त पेन द्या सोबत. एक कळकळीची विनंती, मजकूर तुम्ही सांगू नका प्लीज, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल पण त्यांचं त्यांना लिहूदे. "एसटी वेळेवर येत नाही, माझा पहिला तास बुडतो" एवढं एक वाक्यपण खूप झालं. फूटपाथ, कचरा असं असेल तर ते नगरसेवकांना, रेल्वेचं खासदारांना, तेवढं मात्र समजावून सांगा. पत्ता विधान भवन, मुंबई ४०००३२. उत्तरासाठी सोसायटीचा पत्ता टाकू, मुलांचे फोन नंबर नकोत. लहान्यांनी चित्र काढलं तरी पाठवायचंय, नक्की आणा सगळ्यांना 🙏