न्हाणीघरातल्या लाकडी पाटाबद्दल सुतारकाकांस

ती. सुतारकाका,
सा. न. वि. वि.

न्हाणीघरासाठी घरच्या घरी केलेला लाकडी पट्ट्यांचा पाट आता रोजच्या वापरात आहे आणि त्याचे श्रेय आपले आहे, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापडी पायपुसणे काही केल्या वाळत नाही. त्याला कुबट वास येतो, खालची फरशी बुळबुळीत होते आणि सासूबाईंचा पाय घसरेल अशी धास्ती कायम असते.

जुन्या खिडकीच्या सागवानी चौकटीतले गाभ्याचे तपकिरी लाकूड तेवढे घ्या आणि कडेचा पांढरट भाग कितीही सरळ दिसला तरी टाकून द्या, कारण कूज आणि कीड आधी तिथेच लागते, असे आपण सांगितलेत. त्यातून ४० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड पट्ट्या आपणच कापून, रंधा मारून दिल्यात. लोखंडी खिळे मात्र आपण हातातून काढून घेतलेत. खाऱ्या हवेत ते गंजतात हे ठाऊक होते. पण ओल्या सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन लाकडावर काळे डाग पडतात, हे आपल्याकडूनच कळले. म्हणून पितळी स्क्रू वापरले, तेही खालच्या बाजूने, म्हणजे पायाला टोचत नाहीत आणि त्यांच्या खाचांत पाणी साचत नाही.

आपली खरी करामत मला दोन बारीक गोष्टींत दिसली. दोन पट्ट्यांत सारखी फट राहावी म्हणून आपण कानावरची पेन्सिल काढून मध्ये धरायला दिलीत. साधारण ७ मिमीच्या त्या फटीतून पाणी निथळते, पण बोट अडकत नाही. दुसरे म्हणजे, खालचे आडवे दांडे मोरीच्या उताराच्या दिशेने ठेवायला लावलेत. ते उताराला आडवे टाकले असते तर प्रत्येक दांड्यामागे पाण्याचा बांध झाला असता. लाकूड भिजल्यावर लांबीत नव्हे, रुंदीत फुगते, म्हणून मधल्या पट्ट्यांना प्रत्येक दांड्यावर मधोमध एकच स्क्रू आणि पाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहावा म्हणून फक्त कडेच्या पट्ट्यांना दोन, हा हिशेबही आपलाच.

दुकानदार चकचकीत वॉर्निशचा आग्रह धरत होता. त्याचा थर ओला झाला की निसरडा होतो आणि एकदा तडकला की पाणी खाली शिरून अडकते, असे सांगून आपण जवसाचे उकळलेले तेल आणायला लावलेत. ते पातळ हाताने लावून जास्तीचे पुसले; पट्ट्यांची टोके सर्वाधिक पाणी पितात, म्हणून तिथे जास्त हात दिले. तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ही आपली ताकीद हे वाचून पाट करू पाहणाऱ्यांनीही पाळावी. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

आंघोळी आटोपल्या की सासूबाई स्वतः पाट भिंतीला उभा करतात. त्यांना आता पडवीतल्या पाय धुण्याच्या जागेसाठीही तसाच, पण थोडा लांब पाट हवा आहे. पट्ट्या उरल्या आहेत. दांड्यांपुरते लाकूड आपल्याकडे असल्यास कळवावे, मी येऊन घेऊन जाईन.

आपली नम्र,
खालच्या वाडीतली सूनबाई