कान सांभाळून, पण जाणारच

प्रिय आई-बाबा,

फोनवर तब्येत, औषधं आणि अभ्यास एवढं बोलून होतं तोवर बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि माझी बातमी राहूनच जाते. म्हणून लिहायला बसले. मुद्दाम मोठं अक्षर काढलंय.

परीक्षा संपली की लागोपाठ दोन कॉन्सर्ट आहेत आणि दोन्हींची तिकिटं मी काढून बसलेय! पैसे शिकवण्यांचे, त्यामुळे हिशेब मागू नका. पहिला कार्यक्रम माझ्या लाडक्या बँडचा, म्हणजे ज्याचं नाव ऐकून बाबांनी "हे नाव आहे की तक्रार?" असं विचारलं होतं त्यांचा. त्यांचा नवा अल्बम यायचाय. त्यातली मोजकी गाणी आधी सोडलीत, आणि ती मी इतकी वाजवली की रूममेटने न बोलता हेडफोन माझ्या हातात आणून ठेवले. दुसऱ्या दिवशीचा बँड मला फारसा माहीत नाही. एकच गाणं ऐकलंय. त्यात बेस गिटार सगळ्यांच्या पुढे चालते आणि गायिका जणू हिशेबाची वही वाचतेय अशा थंड आवाजात गाते. तेवढ्यावर तिकीट काढलं.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की मोठ्या कंपनीने घेतलं नाही म्हणून ही मंडळी छोट्या हॉलमध्ये वाजवतात का. काहींचं तसं असेलही. पण बरेच जण आपल्या मर्जीने तसे राहतात, आणि याला जुना इतिहास आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशेक पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि १९७७ च्या जानेवारीत स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड काढायच्या स्वतःच्याच छोट्या कंपनीतर्फे, ती बाजारात आणली. पहिल्या हजार प्रती बघता बघता संपल्या. कंपनीच्या पायऱ्या न झिजवता रेकॉर्ड निघू शकते हे कळल्यावर मग गावोगावच्या पोरांनी तेच केलं. "घरच्यांकडून उसने" इथे बाबांनी चष्मा काढला असेल, तर सांगते, मी बँड काढत नाहीये. मला गिटारवर जेमतेम तीन कॉर्ड वाजवता येतात.

आता आईचा प्रश्न. घरबसल्या फोनवर सगळं ऐकता येतं, मग तासन्‌तास उभं राहायला कशाला जायचं? खरं सांगू, मी जाते ते जी गाणी अजून कुठेच नाहीत त्यांच्यासाठी. हे बँड नवीन गाणी रेकॉर्ड करण्याआधी आमच्यावर करून बघतात. मागे एका कार्यक्रमात मी अगदी स्टेजला चिकटून उभी होते. स्टेजवर चिकटपट्टीने लावलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद मला उलटा वाचता येत होता. सगळ्या गाण्यांना नावं, आणि मध्येच एका ओळीत नुसतं "नवं, संथ". ते गाणं आलं तेव्हा गायिका म्हणाली, दुसऱ्या कडव्याला अजून शब्द नाहीत, सांभाळून घ्या. आणि खरोखरच तिथे ती नुसती गुणगुणली. शेवट कुठे करायचा हेही ठरलेलं नसावं, कारण ड्रमर काठ्या हवेत धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने मान हलवली, त्याने शेवटचा ठोका मारला, आणि दोघं हसले. पुढे ते गाणं अल्बमवर आलं. चाल दुप्पट वेगाची, कडव्याला शब्द, मागे कीबोर्ड. चांगलंच झालंय. पण मला गुणगुणणंच जास्त आवडलं होतं, आणि हे मत मी फक्त तिथे गेले म्हणून देऊ शकते.

मुख्य बँडच्या आधी एखादा नवखा बँड अर्धा तास वाजवतो. लोक तेव्हा बाहेर गप्पा मारत असतात. मी त्यांच्यासाठी वेळेवर जाते. अर्धे वेळा पस्तावते, ते सोडा. पण माझ्या आवडीचे निम्मे बँड मला असेच सापडलेत.

गर्दीची काळजी करू नका. मी भिंतीकडेच्या बाजूला, बाहेरच्या दाराजवळ उभी राहते आणि मैत्रीण सोबत आहे. धक्काबुक्कीवरून आठवलं, वॉशिंग्टनचा फुगाझी नावाचा बँड होता, आई, तुला आवडला असता. तिकीट शक्यतो पाच डॉलरच ठेवायचं, कुठल्याही वयाच्या माणसाला आत घ्यायचं, आणि कोणी इतरांना ढकलायला लागलं की वाजवणं थांबवून त्याला बाहेर काढायचं. वर त्याचे पाच डॉलर परत! वाजवायचे मात्र भयंकर जोरात.

आणि जोराचं म्हणाल, तर कानांची चिंता बाबांनी करणं मला समजतं. कानाला मशीन लावून राहणं काय असतं ते मी घरात पाहिलंय. म्हणून नीट वाचून काढलं. ८५ डेसिबलचा आवाज कानांना दिवसाला आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि रॉक कॉन्सर्ट तर दीड-दोन तासांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, पण ती पाळतात की नाही हे बघायला मी काही मीटर घेऊन जात नाही. मी कानात बुचं घालते. फोमची नव्हेत, त्यात सगळं रजई पांघरून ऐकल्यासारखं वाटतं. संगीतवाल्यांसाठी वेगळी मिळतात, ती उंच आणि खालचे सूर सारखेच कमी करतात, त्यामुळे शब्दही कळतात आणि झांजाही टोचत नाहीत. स्पीकरपासूनही लांब राहते. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत नाही, हे बाबांना खास सांगायचं होतं.

एक खर्च मात्र होणार. बाहेर टेबलावर बँडचे टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकायला असतात, आणि बरेचदा मघाशी गाणारी व्यक्तीच सुटे पैसे मोजत बसलेली असते. ऑनलाइन ऐकण्याचे त्यांना फारच किरकोळ पैसे मिळतात, प्रवासाचा खर्च बराचसा या टेबलावर निघतो. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर नाही. तरी रेकॉर्ड घेणार. आई, बोल लावू नकोस.

कॉन्सर्टच्या रात्री माझा फोन लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच करेन, जागून वाट बघू नका.

तुमची,
मुक्ता

ता. क. बाबा, तुमच्या नव्या मशीनला ब्लूटूथ आहे, फोनचा आवाज थेट कानात येतो. 'टायनी डेस्क' शोधा. अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओच्या ऑफिसात, पुस्तकांच्या कपाटासमोर, एका टेबलामागे उभं राहून लोक गातात. बारमधल्या गोंगाटात एका गायिकेचं गाणंच ऐकू आलं नाही म्हणून २००८ मध्ये त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, तिथून हे सुरू झालं. आवाज बेताचा असतो. एखादं पूर्ण बघा आणि कसं वाटलं ते खरं सांगा. नुसतं "छान आहे" चालणार नाही.